पट्टीला पाडलेल्या खाचा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा सुई मोडली. तुकडा उडून कुठं गेला ते शोधायला सगळं दुकान झाडलं, कोपरे चाचपले, मशीनखाली पालथी पडले. कारण अब्बा, म्हणजे माझे सासरे, दुकानात अनवाणी फिरतात आणि कितीही सांगा, चपला घालत नाहीत. तुकडा शेवटी माझ्याच वेणीत सापडला.

ही डायरी माझा नवरा मतीन कामाला आहे त्या ट्रॅक्टरच्या शोरूममधून फुकट आलेली आहे. पानोपानी ट्रॅक्टरची चित्रं आहेत. घरात माझं कुणी ऐकत नाही, तर म्हटलं ट्रॅक्टरला ऐकवू.

सुई मोडली ती ऋषिराजमुळे. हा ऋषिराज विट्यात नावाच्या पाट्या आणि नंबरप्लेट कापून देतो. मशीनवर वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायची तर आता पट्ट्या आणि साचे वापरतात. मशीनचा नेहमीचा पाय काढायचा, गोल कडेचा जाड पाय बसवायचा. खालचे दात काढून ठेवायचे, म्हणजे कापड आपलं आपण पुढं पळत नाही. मग अॅक्रिलिकची पट्टी कापडावर घट्ट दाबायची आणि पट्टीसकट कापड त्या पायाच्या कडेला घासत सरकवायचं. पट्टी सरळ तर टीप सरळ, साचा चंद्राचा तर टीप चंद्राची. मी बघून शिकते त्या व्हिडिओतल्या बाई हे सगळं हसत हसत करतात. त्यांच्या घरात बहुतेक दुसरं कुणी राहत नसावं.

पट्टी पायाइतकी जाड हवी, नाहीतर ती पायाखाली शिरते, हे मी ऋषिराजला तोंडानं सांगितलं, कागदावर काढून दिलं, बोटांनी जाडी दाखवली. त्यानं पातळ पट्ट्या काढल्या. म्हणाला, "वहिनी, तेवढाच पत्रा शिल्लक हुता." पट्टी पायाखाली शिरली आणि सुई तिच्यावर आपटली. आता जाड पत्रा सांगलीहून येणार.

आणि मला थांबायला वेळ कुठं आहे? सांगलीच्या संयोगिताताईंचं हातमागाच्या कापडाचं दुकान आहे. त्यांनी जुन्या सुती साड्यांची एक वाकळ नमुना म्हणून मागितली आहे. रांगेला रांग जुळली पाहिजे, मागची बाजू पुढच्यासारखी दिसली पाहिजे. आवडली तर वर्षभराचं काम देतील. महिनाअखेरीला त्या स्वतः बघायला येणार आहेत. नाही आवडली, तर मतीननं दुकानाचा गाळा मोबाईल दुरुस्तीवाल्याला द्यायचं ठरवलंच आहे, डिसेंबरपासून. अब्बांची काळी मशीनपण विकायची म्हणतो. "अब्बा आता शिवत नाहीत. मशीन काय शोभेला ठेवायची?"

अब्बा तिथंच बसले होते. मशीनच्या चाकावर हात ठेवून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जाड पट्ट्या आल्या. सुई मोडत नाही. आता दुसरं दुखणं.

मी खडूनं रेघ मारली, रेघेवर पट्टी ठेवली, टीप घातली. टीप रेघेपासून लांब. पुन्हा घातली, पुन्हा लांब. व्हिडिओतल्या बाईंना शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, पायाची गोल कड मध्ये येते ना, म्हणून सुई पट्टीपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, लांब पडते. पट्टी रेघेवर नाही, रेघेच्या दोन सूत अलीकडे धरायची. हे कळायला साडीचा एक अख्खा पदर वाया गेला.

अब्बा म्हणाले, "दोन सूत ध्यानात धरायला काय लागतं? आमी कडंला सोडायची माया बघून धरत न्हवतो, हाताला ठावं हुती."

बोलायला काय जातं. अब्बा म्हणजे अल्लाबक्ष टेलर. विट्यात अजून जुनी माणसं पँटचा विषय निघाला की त्यांचं नाव काढतात. पण हळूहळू त्यांनी शिवणंच सोडलं. रेडीमेडच्या जमान्यात कोण येतंय, असं म्हणतात. येणारे येत होते. कापड घेऊन आलेल्यांना त्यांनी दारातून परत पाठवलेलं मी स्वतः पाहिलंय. मानी माणूस. आता सकाळी येऊन मशीनजवळच्या स्टुलावर बसतात आणि माझ्या टिपेचा आवाज ऐकून सांगतात की दोरा ताणलाय. ताणलेला असतो, हेच जास्त लागतं.

घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण दुकानाचा उंबरा ओलांडला की अब्बा मराठीवर येतात. गिऱ्हाईक नसलं तरी. त्यांची सवयच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंशी, म्हणजे अम्मींशी, वाद. वाकळीचे थर एकमेकांवर पसरले की ते हलू नयेत म्हणून आधी कच्चा टाका घालतात. तो साध्या बारीक दोऱ्यानं घातला की काम भागतं, नंतर उसवायचाच असतो. अम्मी घालतात पोती शिवायच्या दोऱ्यानं. वर ठिकठिकाणी गाठी. उभ्या ओळी, आडव्या ओळी, अगदी बुद्धिबळाचा पट. माझ्या मशीनचा पाय त्या गाठींना अडतो.

मी म्हटलं, बारीक दोरा घ्या ना अम्मी. त्या म्हणाल्या, असू दे. मी म्हटलं, मला त्रास होतो. त्या म्हणाल्या, होऊ दे. साबेराबी म्हणजे आमच्या अम्मी, एकदा ठरवतात ते ठरवतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघते आहे.

शिवाय रोज सकाळी मी दुकानात यायच्या आधीच त्या येऊन मशीनची सुई ओवून ठेवतात. मला ओवता येत नाही का? मिरजेत आमच्या घरीही मशीन होती म्हणावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज माझं डोकं इतकं फिरलं की दुपारी जेवले नाही.

माझ्या नव्या पट्ट्या. त्यांच्यावर मी मार्करनं बारीक खुणा करून घेतल्या होत्या, मधोमध कुठं, पाव कुठं. आज पिशवी उघडते तर अब्बांनी कानस घेऊन प्रत्येक पट्टीला खाचा पाडलेल्या. सरळ पट्टीला एक. चंद्राला दोन. लाटेच्या साच्याला तीन. आणि प्रत्येकाच्या पाठीवर, मधोमध, एक आडवा ओरखडा. ऋषिराजकडून भांडून भांडून करून घेतलेली वस्तू. निदान पायाला घासते त्या कडेला हात लावला नाही, नाहीतर सगळा संच गेला असता.

मी विचारलं, हे कशाला केलं? म्हणाले, "वळखायला बरं."

"ओळखायला काय लागतं, अब्बा? चंद्र चंद्रासारखाच दिसतो की."

मी आणखी बरंच बोलले. माझ्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावू नका, हेही बोलले. ते चाकावर हात ठेवून बसले होते, तसेच बसून राहिले. उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. अम्मी मध्ये पडल्या आणि मलाच म्हणाल्या की पोटात अन्न नसलं की तू अशी बोलतेस. पोटात अन्न नव्हतं ते रागामुळे, हे त्यांना कोण सांगणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कुंडलचे लालासाहेब आले होते. सैन्यातून रिटायर झालेले, अब्बांचे जुने गिऱ्हाईक आणि दोस्त. वर्षापूर्वी अब्बांनी त्यांची एक पँट शिवली तिचा एक पाय आखूड झाला होता. तेव्हापासून अबोला. आज कारखान्याच्या कामाला विट्यात आले म्हणून वाटेत थांबले असावेत. दारात उभे राहिले, समोर अब्बा. लालासाहेब बघतायत, अब्बा त्यांच्याच दिशेनं तोंड करून बसलेत, आणि एक शब्द नाही. मी आतून चहा विचारायला येईपर्यंत लालासाहेब पायरी उतरले होते.

मला म्हणाले, "एवढी वर्सं ह्याच्या हातची पँट घातली. तोंडावर उभा ऱ्हायलो तर वळख देत न्हाई. पँटीचं मी कवाच इसरलो हुतो, सांग त्याला."

मी आत येऊन सांगितलं. अब्बा म्हणाले, "लाला आला व्हता व्हय?" आणि वर, "बोलला का न्हाई मग?"

दोघंही सारखेच. दोघांच्याही मानाला पट्टी लावून टीप घालायला पाहिजे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मी बाजारातून येईपर्यंत अब्बांनी माझी मशीन चालवली. माझी मशीन म्हणजे त्यांचीच काळी मशीन, पण तिला मोटर मी बसवून घेतली आहे. त्यांनी मोटरचा पट्टा काढून जुनी चामडी वादी चढवली आणि पायानं चालवली. मोटर पळते म्हणे.

आणि कशावर चालवली? टेबलावर माझी नवी ओढणी घडी घालून ठेवलेली होती. शिवाजी चौकातल्या दुकानातून मी तीन वेळा जाऊन आणलेली. तिच्या चारपदरी घडीवर त्यांनी चंद्राची रांग काढली. लाल दोऱ्यानं. हिरव्या ओढणीवर लाल दोरा.

मी ओढणी त्यांच्यापुढं धरली. म्हटलं, ही चिंधी आहे का? त्यांनी बोटांनी कापड चोळून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "चुकलं पोरी," म्हणाले. एवढंच. दुसरं कुणी असतं तर मी आणखी भांडले असते, पण अब्बा "चुकलं" म्हणाले की माझ्याकडे शब्द उरत नाहीत, आणि शब्द उरले नाहीत की मला जास्तच चीड येते.

सगळ्यात वाईट गोष्ट इथं लिहून ठेवते. चंद्र एकसारखे आहेत. जिथं एक संपतो तिथंच दुसरा सुरू होतो, टोकाला टोक. माझे अजून एकमेकांच्या अंगावर पडतात. ओढणी कपाटात तळाशी घालून ठेवली आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उजव्या हातानं लिहिते आहे, डावा पट्टीत बांधलाय.

वाकळ अर्ध्यावर आली होती. मधल्या चौकटी झाल्या, आता चारी बाजूंना चंद्राच्या रांगा राहिल्या होत्या. मतीनचा फोन आला की मोबाईलवाला रविवारी गाळ्याचं माप घ्यायला येतोय. मी म्हटलं, माप कसलं, अजून महिना संपायचाय. तो म्हणाला, नुसतं माप तर घेऊ दे. फोन ठेवला आणि त्या रागात मशीनवर बसले. साचा सरकला, तो धरायला बोट पुढं केलं, आणि सुई बोटातून आरपार.

डॉक्टरांनी टेटॅनसचं इंजेक्शन दिलं, बोट बांधलं, पाण्यात घालू नका म्हणाले. मी विचारलं, पट्टी दाबून धरता येईल का? त्यांना वाटलं हातावरच्या पट्टीचं विचारते आहे.

एका हातानं ही शिलाई होत नाही. डाव्या हातानं साचा दाबायचा असतो. संयोगिताताई पुढच्या शुक्रवारी येणार आहेत. मी फोन करून तारीख पुढं ढकलू का? ढकलली तर मोबाईलवाला बसलाच येऊन. अम्मी माझ्या शेजारी बसून होत्या. म्हणाल्या, तुझे अब्बा करतील. मी म्हटलं, अम्मी, ओढणी विसरलात का? त्या म्हणाल्या, कापड तू ठेव पुढ्यात, दोरा तू लाव. बाकी त्यांच्यावर सोड.

माझ्याकडे दुसरा इलाज असता तर मी सोडलं नसतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अब्बा शिवतायत आणि मी शेजारी बसून माझं रक्त आटवते आहे.

त्यांची पद्धत अशी. बसल्यावर आधी हात वाकळीवरून फिरवतात, अम्मींचा तो पोत्याचा दोरा सापडला की गाठ मोजत मोजत बोट पुढं नेतात. मग साचा हातात घेतात, खाचा चाचपतात, पाठीवरचा ओरखडा अंगठ्याखाली घेतात, गाठीवर टेकवतात. मग पाय चालू. एक चंद्र झाला की बोटानं त्याचं टोक शोधतात आणि साचा तिथं लावतात. आणि हे सगळं चालू असताना बघतात कुठं? दारातून बाहेर, रस्त्यावर. उसाचे ट्रॅक्टर चाललेत ते बघत बसल्यासारखे.

मी म्हटलं, "अब्बा, खाली बघा ना."

"खाली बघून काय करू? साचा हाय की."

मी पुन्हा म्हटलं. ते हसले. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मला अजिबात हसू आलं नाही, कारण वाकळ माझी आहे, नाव माझं जाणार आहे.

मोबाईलवाला माप घ्यायला आला. मी बाहेर उभी राहून त्याच्याशी बोलले, मुद्दाम लांबण लावली. रस्त्याची धूळ येते म्हणून शटर निम्मं ओढून घेतलं होतं. तेवढ्यात लाईट गेली. आमचा गाळा बोळात आत असल्यानं भरदुपारीसुद्धा लाईट गेली की आत काही दिसत नाही. मोबाईलवाला म्हणाला, नंतर येतो. बरंच झालं.

मी आत आले तर मशीन चालूच. वादीवर होती ना, तिला लाईटचं काय. अंधारात नुसता टकटक आवाज. मी ओरडले, थांबा की अब्बा, लाईट गेलीय.

पाय थांबला. म्हणाले, "कवा?"

इतकी कसली तंद्री माणसाची. मी शटर वर केलं आणि धावत जाऊन वाकळ बघितली. नशिबानं काही बिघडलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी भाकरी थापताना तो शब्द पुन्हा कानात आला.

कवा?

हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली. मी तशीच उभी राहिले. मग कपाटातून ओढणी काढली आणि डोळे मिटून त्या चंद्रांवरून बोट फिरवलं. मग अम्मींकडे गेले. त्या लसूण सोलत होत्या. मी काही विचारायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सोलणं थांबवलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. दोन वर्षांपासून अब्बांचं दिसणं कमी होत चाललंय. कडेनं आधी गेलं, आता मध्ये बोळातून दिसावं तेवढं उरलंय, तेही धुरकट. लालासाहेबांची पँट आखूड झाली त्या दिवशी घरी येऊन अब्बा अम्मींजवळ रडले होते. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत, कारण डॉक्टरकडे गेलं की मतीनला कळणार, मतीनला कळलं की तो बापाला खाटेवर बसवणार आणि मशीन विकणार. अब्बांनी अम्मींना शपथ घातली होती की नमुना होऊ दे, मग सांगू. पोत्याचा दोरा त्यांच्या बोटांना सापडावा म्हणून. सुई ओवून ठेवणं त्यांना नेढं दिसत नाही म्हणून. तुझ्या पट्ट्या आल्या आणि त्यांना पुन्हा शिवता येतंय हे कळलं, त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, असं अम्मी म्हणाल्या.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? मी त्यांना किती बोलले, ऐकलं ना तुम्ही? अम्मी म्हणाल्या, तू बोलत होतीस म्हणून तर त्यांना बरं वाटत होतं. आंधळ्याला कुणी असं बोलत नाही.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. राग अजून आहे. या घरातले सगळे लोक गप्प बसण्यात पटाईत आहेत आणि बडबड करणारी मी एकटी, तर मलाच काही माहीत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आता कसं वागायचं तेच कळत नाही. जास्त सूचना दिल्या तर त्यांना संशय येईल, कमी दिल्या तर आणखी येईल. रविवारपर्यंत सारखी "खाली बघा" म्हणायची सवय लागली होती, आज ते तोंडाशी आलं आणि मी गिळलं. अब्बा म्हणाले, "आज घसा बसलाय काय तुझा?"

म्हणून पुन्हा भांडले. दोरा ताणलाय म्हटलं. नव्हता ताणलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि "न्हाई ताणलेला" म्हणाले, एकदम खूश.

सुईचे तुकडे, टाचण्या, सगळं मी रोज लोहचुंबक फिरवून उचलते आहे. शेवटची रांग उद्या होईल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

संयोगिताताई आल्या. उंच, बारीक फ्रेमचा चष्मा, बोलणं थोडकं. वाकळ टेबलावर पसरली. त्यांनी आधी उलटी केली आणि मागची बाजू बघायला लागल्या. मला माहीत होतंच त्या बघणार. त्यांनी एकेका रांगेवरून नजर नेली, मग पुढची बाजू. मतीन आज मुद्दाम कामावर न जाता दुकानात थांबला होता. दाराशी उभा होता, बापाकडे न बघता.

ताई म्हणाल्या, "चंद्र कुणी काढले? आतल्या चौकटींचा हात वेगळा आहे."

आतल्या चौकटी माझ्या. मी म्हटलं, अब्बांनी.

त्या अब्बांकडे वळल्या. काम देते म्हणाल्या, वर्षभराचं, पण कडेचा काठ आत्ताच ठरवू. पिशवीतून दोन काठ काढले, दोन्ही हातात धरले आणि अब्बांना विचारलं, "चाचा, तुम्हीच सांगा. हा लावायचा की हा?"

अब्बा तोंड त्यांच्याकडे करून बसले होते. उत्तर देईनात. मतीन वळून बघायला लागला. अब्बांचा हात चाकावर घट्ट झाला. एवढ्या कामानंतर, एवढ्या खाचांनंतर, सगळं आता दोन फितींवर येऊन अडलं होतं.

मी ताईंच्या हातातून दोन्ही काठ घेतले, अब्बांच्या मांडीवर ठेवले आणि त्यांचा हात त्यावर टेकवला. म्हटलं, "अब्बा, हा जाड विणीचा, मातीच्या रंगाचा. आणि हा सपाट, निळा. कुठला?"

मग त्यांनी दोन्ही काठ बोटांत धरून चोळले, सावकाश, जसे पूर्वी पँटचं कापड चोळायचे.

"जाड लावा," म्हणाले. "वाकळ कडंनं फाटती. ह्यो टिकंल."

ताईंनी तो काठ बाजूला ठेवला. त्यांना कळलं की नाही मला माहीत नाही. मतीनला कळलं. तो आत येऊन अब्बांच्या समोर उभा राहिला, त्यांच्या तोंडापुढं हात हलवायला उचलला आणि हलवला नाही. खाली घेतला. मग ताईंची गाडी बोळातून काढून द्यायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. अब्बा म्हणाले, "कवापास्नं कळलंय तुला?"

मी म्हटलं, "लाईट गेली तवापासनं."

त्यांनी मान हलवली. नंतर म्हणाले, ओढणी नवी आणून देतो. मी म्हटलं, नको, तीच घालणार आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. मतीननं सुट्टी काढली. वाटेत तो एकदाच बोलला, "मला का नाही सांगितलं?" अब्बा म्हणाले, "तू मशीन इकली असतीस." ते खरं होतं.

काचबिंदू आहे. जे गेलं ते परत येणार नाही, डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. उरलंय ते राखायला थेंब, रोज, आयुष्यभर. आधी आला असतात तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि मग त्यांनीच वाक्य सोडून दिलं. मला अब्बांचा फार राग आला. त्या खोलीत बसून मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. बाहेर आल्यावर त्यांचा हात धरला तर म्हणाले, सोड, जिना मोजलाय मी.

मोबाईलवाल्याला मतीननं गाळा देणार नाही म्हणून सांगितलं. तो चिडला. चिडू दे.

५ डिसेंबर, शुक्रवार

लालासाहेबांना मी फोन केला होता. आज आले. या वेळी दारातूनच ओरडले, "आरं ए अल्लाबक्ष, मी हाय रं, लाला." अब्बा उठून उभे राहिले. मग दोघंही एकाच वेळी बोलायला लागले आणि मला एकाचंही नीट ऐकू आलं नाही. लालासाहेबांनी ती आखूड पायाची पँट पिशवीतून आणली होती. म्हणाले, आता लांब करून दे. अब्बा म्हणाले, आता पँट न्हाई, आता वाकळ घे. जाताना लालासाहेब पायरीवर थांबले, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि गेले.

९ डिसेंबर, मंगळवार

ताईंच्या कामासाठी नवा संच हवा. पान, पंखा, मोठा चंद्र, लांब पट्टी. ऋषिराजकडे गेले. या वेळी मी त्याच्या टेबलाजवळून हलले नाही. पत्र्याची जाडी मोजून घेतली. कड घासून घेतली. आणि शेवटी त्याला खाचा पाडायला सांगितल्या, प्रत्येक साच्याला वेगळ्या, पायाच्या उलट बाजूला, आणि पाठीवर मधोमध ओरखडा.

तो म्हणाला, "वहिनी, नवा माल खराब का करून घेताय? मार्करनं खूण करा की."

मी म्हटलं, खाचा पाड. त्यानं पाडल्या, डोकं हलवत.

घरी आणून संच अब्बांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एकेक साचा हातात घेतला, अंगठा फिरवला. पान. पंखा. मोठा चंद्र. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं आता तरी काहीतरी चांगलं बोलतील. शेवटी लांब पट्टी उचलली, तिच्यावरून दोनदा बोट नेलं आणि माझ्याकडे परत धरली.

"हिची खाच उथळ हाय," म्हणाले. "नेऊन खोल करून आण."

उद्या पुन्हा ऋषिराजकडे जायचं आहे. डोकं फिरलंय माझं.